निमलष्करी गणवेशचिन्हे, जर्मन

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर (१९१८) जर्मनीत उदयास आलेल्या खाजगी व पक्षीय सशस्त्र संघटनांनी गणवेशावर धारण केलेले बिल्ले, दंडपट्ट्या, कॉलरपट्ट्या, टोपीवरील मुद्रा आणि तत्सम खुणा यांचा निर्देश या संज्ञेने केला जातो. स्थूलमानाने १९१८ ते १९३४ हा या चिन्हांचा आरंभकाल होय. या काळात ही चिन्हे राज्यसंस्थेने बहाल केलेली नव्हती. संघटनांनी ती स्वतः योजिली, लहानमोठ्या कारखानदारांनी ती घडविली आणि सदस्यांनी बव्हंशी ती पदरचे पैसे खर्चून विकत घेतली. साहजिकच त्यांत एकरूपता थोडी आणि स्थानिक भेद पुष्कळ आढळतात. नियमित सैन्याच्या चिन्हांप्रमाणे केवळ नियमपुस्तिकेशी ताडून त्यांची ओळख पटविता येत नाही. तथापि याच विस्कळीतपणामुळे त्यांना इतिहाससाधन म्हणून विशेष मोल आहे. कारण खाजगी हिंसेची संघटना हळूहळू राज्यसत्तेत कशी शिरली, याच्या खुणा त्यांवर उमटलेल्या दिसतात.

पार्श्वभूमी : नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला, सम्राटाने पदत्याग केला आणि प्रजासत्ताकाची घोषणा झाली. मोडकळीस आलेल्या सैन्यातील अधिकाऱ्यांनी स्वयंसेवकांची स्वतंत्र दले उभारली. त्यांना फ्राइकोर असे नाव होते. प्रजासत्ताकाच्या शासनाने डाव्या गटांचे उठाव मोडण्यासाठी व पूर्व सीमेच्या रक्षणासाठी या दलांचा उपयोग करून घेतला. दल सेनापतीच्या नावाने ओळखले जाई आणि सैनिकाची निष्ठाही प्रायः त्याच्याच ठायी असे. व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मन सैन्याची कमाल मर्यादा एक लाख ठरविल्यामुळे १९२० मध्ये बहुतेक दले विसर्जित करावी लागली. परंतु माणसे, शस्त्रे व परस्परसंबंध कायम राहिले आणि त्यांतून पुढील पक्षीय सेनांना तयार मनुष्यबळ मिळाले.

फ्राइकोरची चिन्हे : या दलांचा पोशाख म्हणजे जुन्या शाही सैन्याचाच करड्या रंगाचा गणवेश होता. दलाची ओळख कॉलरवरील किंवा बाहीवरील एखाद्या छोट्या चिन्हाने होई. जनरल लुटव्हिख मेर्कर याने डिसेंबर १९१८ मध्ये उभारलेल्या स्वयंसेवक दलाचे चिन्ह ओकवृक्षाच्या पानांचे होते. हेर्मान एरहार्ट याच्या नौदल ब्रिगेडच्या बाहीवर व्हायकिंग जहाजाची आकृती असे. याच ब्रिगेडने मार्च १९२० मध्ये काप उठावाच्या वेळी बर्लिनमध्ये प्रवेश केला, तेव्हा तिच्या अनेक सैनिकांनी शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगविले होते. ब्रिगेड विसर्जित झाल्यावर तिच्यातील काहींनी गुप्त संघटना स्थापिली. माथीआस एर्ट्सबेर्गर (१९२१) व परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ (१९२२) यांच्या हत्यांमागे ती होती. जहाजाच्या आकृतीचा हा बिल्ला पुढे जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्यांतही वापरात राहिला. त्यामुळे आज हाती येणारा प्रत्येक नमुना १९२० चाच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

सीमेवरील लढायांत भाग घेतलेल्यांसाठी काही सन्मानचिन्हेही निघाली. त्यांत १९१९ मध्ये सुरू झालेले सायलीशियन गरुडचिन्ह व बाल्टिक क्रॉस ही विशेष प्रसिद्ध आहेत. ती सैनिक स्वतः विकत घेत आणि वेगवेगळे जवाहीर ती घडवीत. यामुळे एकाच चिन्हाचे आकार, जाडी, पिनेचा प्रकार व धातू यांत बराच फरक पडतो. अशा फरकावरून एखादा नमुना तडकाफडकी बनावट ठरविणे चूक होय.

पक्षीय व अन्य संघटना : १९२० नंतरच्या दशकात जवळजवळ प्रत्येक प्रमुख राजकीय प्रवाहाने आपली गणवेशधारी संघटना उभारली. फ्रांट्स झेल्टे याने डिसेंबर १९१८ मध्ये माग्डेबुर्ख येथे स्थापिलेल्या श्टालहेल्म या माजी सैनिकांच्या संघाचे चिन्ह पोलादी शिरस्त्राण हे होते. प्रजासत्ताकाच्या रक्षणार्थ फेब्रुवारी १९२४ मध्ये त्याच शहरी स्थापन झालेल्या राइखसबानर संघटनेने काळा, तांबडा व सोनेरी हे प्रजासत्ताकाचे राष्ट्रीय रंग स्वीकारले. त्याच वर्षी साम्यवाद्यांची लाल आघाडीसैनिक संघटना निघाली. वळलेली मूठ हे तिचे चिन्ह होते. मे १९२९ मध्ये बर्लिनमधील रक्तरंजित चकमकींनंतर तिच्यावर बंदी आली. डिसेंबर १९३१ मध्ये समाजवादी पक्ष, कामगारसंघ व राइखसबानर यांनी मिळून ‘लोह आघाडी’ स्थापिली. तिचे तीन बाणांचे चिन्ह सर्गेई चाखोटिन या रशियन शास्त्रज्ञाने योजिले; स्वस्तिकावर ते सहज आखता यावे व त्यायोगे स्वस्तिक खोडता यावे, हा त्यामागील हेतू होता. प्रजासत्ताकवादी संघटनांची चिन्हे आज तुलनेने दुर्मिळ आहेत. १९३३ नंतर ती बाळगणे धोक्याचे झाले आणि पुष्कळांनी ती स्वतःच नष्ट केली. व्यापारात मात्र त्यांना नाझी चिन्हांइतकी मागणी नाही. संग्राहकांची आवड आणि वस्तूचे ऐतिहासिक मोल यांची फारकत येथे स्पष्ट होते.

नाझी पक्षाची चिन्हे : पक्षाने १९२० मध्ये स्वस्तिक अधिकृत केले. भारतीय वाचकाला स्वस्तिक हे मंगलचिन्ह म्हणून परिचित आहे. दारातील रांगोळीत व पूजेच्या पाटावर ते काढले जाते. जर्मनीत त्याला ‘आकड्यांचा क्रूस’ या अर्थाचे नाव होते. हाइन्रिख श्लीमान याला ट्रॉयच्या उत्खननात आढळलेल्या आकृत्यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात या चिन्हाविषयी कुतूहल वाढले. पुढे वंशवादी मंडळ्यांनी त्याला ‘आर्य’ वंशाच्या कल्पनेशी जोडले. नाझी पक्षाने ते या मंडळ्यांकडून घेतले. भारतीय धार्मिक परंपरेतील अर्थाशी त्याचा संबंध नव्हता.

एस. ए. (श्टुर्मआबटाइलुंग) या पक्षाच्या वादळी दलाला हे नाव १९२१ मध्ये मिळाले. त्याच्या पहिल्या शिक्षकांत एरहार्ट ब्रिगेडचे अधिकारी होते. १९२३ पर्यंत त्याचा निश्चित असा गणवेश नव्हता. करडे जाकीट, साधी टोपी आणि तांबडी दंडपट्टी एवढीच त्याची ओळख होती. दंडपट्टीवर पांढऱ्या वर्तुळात काळे स्वस्तिक असे. नोव्हेंबर १९२३ मधील म्यूनिकचा उठाव फसल्यावर दलावर बंदी आली. त्यानंतरच्या काळात गेरहार्ट रोसबाख याच्या मार्गाने तपकिरी सदरे दलात आले. हे सदरे मूळच्या वसाहती फौजांसाठी तयार केलेल्या व ऑस्ट्रियात पडून राहिलेल्या साठ्यातील होते. ज्या रंगावरून पुढे ही संघटना जगभर ओळखली गेली, तो असा शिलकी मालाच्या योगाने आला. १९२६ मध्ये फ्रांट्स फेफर फॉन झालोमोन दलप्रमुख झाल्यावर हुद्द्यांची व चिन्हांची पद्धती बसविण्यात आली.

या पद्धतीत डाव्या कॉलरपट्टीवर हुद्दा व उजव्या पट्टीवर तुकडीचा क्रमांक असे. कनिष्ठ व मध्यम हुद्दे ताऱ्यांनी दर्शविले जात आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दोन्ही पट्ट्यांवर ओकची पाने असत. उजवीकडील ‘२४/८’ अशा क्रमांकात पहिला आकडा लहान तुकडीचा व दुसरा रेजिमेंटतुल्य दलाचा होय. पट्टीचा रंग प्रादेशिक गट दाखवी, उदा., बर्लिन-ब्रांडेनबुर्ख गटाचा रंग काळा होता. एकच रंग एकाहून अधिक गटांना दिला जात असल्यामुळे गुंड्या सोनेरी की रुपेरी, हेही पाहावे लागते. गटांच्या पुनर्रचनेनुसार रंग बदलत गेले. म्हणून वर्ष निश्चित केल्याशिवाय रंगावरून प्रदेश सांगता येत नाही.

एस. एस. (शुट्सश्टाफेल) हे दल १९२५ मध्ये पक्षनेत्याच्या संरक्षणासाठी निघाले. प्रारंभी त्याचे सदस्य तपकिरी सदऱ्यावर काळी टोपी व काळा टाय वापरीत. संपूर्ण काळा गणवेश १९३२ मध्ये आला. टोपीवरील कवटीचे चिन्ह प्रशियाच्या जुन्या हुसार घोडदळाकडून घेतलेले होते आणि तीत खालचा जबडा नव्हता. सैन्याच्या नव्या रणगाडा पथकांनी हीच कवटी स्वीकारल्यावर १९३४ मध्ये एस. एस. साठी जबडा असलेली निराळी कवटी ठरविण्यात आली. दुहेरी रूनाक्षरांचे कुप्रसिद्ध चिन्ह वाल्टर हेक या आराखडाकाराने तयार केले.

चिन्हे, कायदा व राज्यसत्ता : या चिन्हांचा कायदेशीर इतिहास त्यांच्या ओळखीसाठी अत्यंत उपयुक्त आहे. जून १९३० मध्ये प्रशियाच्या शासनाने तपकिरी गणवेशावर बंदी घातली, तेव्हा दलाचे लोक पांढरे सदरे घालून संचलन करू लागले. त्या काळातील छायाचित्रांत चिन्हविरहित पांढरे सदरे दिसतात, त्याचे कारण हे होय. १३ एप्रिल १९३२ रोजी ब्र्यूनिंगच्या मंत्रिमंडळाने एस. ए. व एस. एस. या दोन्ही दलांवर देशभर बंदी घातली. पापेनच्या मंत्रिमंडळाने ती जूनमध्ये उठविली. या दोन तारखांच्या दरम्यानचे म्हणून सांगितलेले पूर्ण गणवेशातील जाहीर संचलनाचे छायाचित्र समोर आल्यास त्याची तारीख तपासून पाहिली पाहिजे.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाल्यावर चित्र पालटले. २२ फेब्रुवारी रोजी प्रशियाचा गृहमंत्री हेर्मान ग्योरिंग याने एस. ए., एस. एस. व श्टालहेल्म यांतील सु. ५०,००० लोकांची साहाय्यक पोलीस म्हणून नेमणूक केली. त्यांना नवा गणवेश देण्यात आला नाही. पक्षाच्याच गणवेशावर त्यांनी पांढरी दंडपट्टी बांधली. या साध्या पट्टीने आदल्या दिवशीचा पक्षीय दंगेखोर अटक करण्याचा अधिकार असलेला शासकीय प्रतिनिधी बनला. राजकीय विरोधकांची धरपकड, मारहाण आणि तात्पुरत्या छळछावण्यांत डांबणे ही कृत्ये या पट्टीच्या आधाराने झाली. कलाकुसरीच्या दृष्टीने ती सर्व चिन्हांत सामान्य असली, तरी ऐतिहासिक दृष्ट्या तिच्याइतके बोलके चिन्ह दुसरे नसेल. पांढऱ्या कापडाच्या पट्टीची नक्कल करणे मात्र सर्वांत सोपे आहे. म्हणूनच पोलीस खात्याचा शिक्का, सोबतचे ओळखपत्र किंवा त्या व्यक्तीचे छायाचित्र यांच्याविना अशा पट्टीला पुरावा म्हणून काही किंमत उरत नाही.

३० जून १९३४ रोजी व त्यानंतरच्या दोन दिवसांत एस. ए. चा प्रमुख एर्न्स्ट र्‍योम (१८८७–१९३४) व त्याच्या अनेक सहकाऱ्यांचे शिरकाण झाले. त्या वर्षाच्या आरंभी काही सदस्यांना र्‍योमच्या नावाची अर्पण-ओळ कोरलेले खंजीर देण्यात आले होते. आता ते नाव घासून टाकण्याचा आदेश निघाला. पात्यावरील ही घासलेली जागा राजकीय विस्मरणाचा साक्षात पुरावा आहे. पुढे २० डिसेंबर १९३४ च्या कायद्याने पक्षाच्या गणवेशांना व चिन्हांना राज्याचे संरक्षण मिळाले. विनापरवाना ती तयार करणे, विकणे व अनधिकाराने धारण करणे हे गुन्हे ठरले. साडेचार वर्षांपूर्वी ज्या पोशाखावर शासनाने बंदी घातली होती, त्याचेच रक्षण आता शासन करू लागले. आरंभकालाची मर्यादा येथे मानणे सयुक्तिक होय.

ओळखण्याच्या पद्धती : चिन्हाची परीक्षा साधारणपणे चार अंगांनी करतात : घडण, खुणा, समकालीन पुरावा आणि मालकीची परंपरा.

(१) घडण : आरंभकालातील धातूचे बिल्ले बहुधा पितळ, तांब्याचे अन्य मिश्रधातू किंवा जर्मन सिल्व्हर यांचे असून ठशाखाली दाबून काढलेले असत. ॲल्युमिनियमचा वापर १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून वाढला आणि जस्ताचा वापर मुख्यतः युद्धकाळातील आहे. ठशाच्या कामात कडा व बारीक रेषा धारदार उमटतात. ओतीव नकलेत त्या बोथट होतात आणि पृष्ठभागावर हवेची सूक्ष्म छिद्रे राहतात. कापडी चिन्हांत लोकरी बनात, सुती अस्तर, हाताने भरलेले कलाबतूचे काम व यंत्रावरील विणकाम असे प्रकार आढळतात. आरंभीच्या दंडपट्टीत पांढरे वर्तुळ व काळे स्वस्तिक बहुधा स्वतंत्र कापडाचे कापून शिवलेले असे.

धागा जळताना वितळून गोळी होत असेल, तर तो कृत्रिम होय. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा असल्यामुळे तो धागा आरंभकालीन वस्तूत मुळातच असू शकत नाही. जंबुपार किरणांत कापड निळसर चमकल्यास त्यात प्रकाशवर्धक रसायने आहेत, असे समजतात. ही रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र प्रचारात आली. परंतु अस्सल पट्टी नंतर आधुनिक साबणाने धुतली गेली असली, तरी ती चमकते. उलट जुन्या कापडाची नवी नक्कल चमकत नाही. तेव्हा ही कसोटी शंका निर्माण करण्यास पुरेशी आहे. निर्णय देण्यास नाही.

(२) खुणा : पक्षाने म्यूनिक येथे स्थापिलेल्या साहित्यपुरवठा कार्यालयाने पुढे अधिकृत कारखानदारांना परवाने व सांकेतिक क्रमांक दिले. आर. झेड. एम. ही अक्षरे, क्रमांक व कागदी चिठ्ठ्या १९३४-३५ च्या सुमारास रूढ झाल्या. १९२३ ची म्हणून पुढे केलेल्या दंडपट्टीवर अशी चिठ्ठी असल्यास तो दावा टिकत नाही. त्यापूर्वीच्या बिल्ल्यांवर कारखानदाराचे नाव किंवा ‘कायद्याने संरक्षित’ या अर्थाची संक्षिप्त अक्षरे असत. तथापि खूण नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. बनावट मालावरही खूण नसू शकते.

(३) समकालीन पुरावा : आदेश, किंमतपत्रके, वृत्तपत्रे व छायाचित्रे यांच्याशी चिन्ह ताडून पाहावे लागते. छायाचित्रांविषयी एक खबरदारी आवश्यक आहे. त्या काळी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर व फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग फिकट उमटे. त्यामुळे तांबडी कॉलरपट्टी काळी भासते व प्रादेशिक गट चुकीचा ठरविला जातो. व्यक्तीचे नाव ज्ञात असल्यास अभिलेखांचा आधार मिळतो. नाझी पक्षाच्या सदस्यांची सु. एक कोटी पत्रे १९४५ मध्ये म्यूनिकजवळच्या कागदगिरणीत लगद्यासाठी पाठविली असता वाचली. ती बर्लिन येथील अमेरिकन नियंत्रणाखालील दस्तऐवज केंद्रात ठेवण्यात आली आणि १९९४ मध्ये जर्मन संघीय अभिलेखागाराच्या स्वाधीन झाली.

(४) मालकीची परंपरा : वस्तू कोणाकडून, कोठे व केव्हा मिळाली याची नोंद हे सर्वांत बळकट प्रमाण होय. एखाद्या कुटुंबाच्या पेटीत सेवापुस्तिका, पत्रे व छायाचित्र यांसह सापडलेला साधा बिल्ला हा लिलावातील निष्कलंक पण अनामिक बिल्ल्याहून अधिक सांगतो. संग्राहक पुष्कळदा आकर्षक चिन्ह गणवेशावरून उसवून घेतात किंवा सदरा, पट्टी व कागदपत्रे वेगवेगळी विकतात. त्या क्षणी वस्तू शिल्लक राहते, पण पुरावा नष्ट होतो. एकदा उसवलेली पट्टी पुन्हा शिवता येते. तिची साक्ष पुन्हा जोडता येत नाही.

बनावट वस्तू : १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी स्मृतिचिन्हे म्हणून असंख्य वस्तू मायदेशी नेल्या. त्यांतून अमेरिका व ब्रिटन येथे संग्रहाचा छंद वाढला आणि मागणी वाढताच नकलाही वाढल्या. काही नकला चित्रपटांसाठी उघडपणे केलेल्या होत्या. पुढे त्याच मळवून जुन्या म्हणून विकल्या गेल्या. काही जुन्या ठशांवरून युद्धोत्तर काळात नवे बिल्ले काढण्यात आले. त्यांची घडण अस्सल व काळ खोटा असतो. आरंभकालीन चिन्हांत आणखी एक प्रकार संभवतो, तो म्हणजे मुळात अस्तित्वातच नसलेल्या चिन्हाची निर्मिती. फ्राइकोरच्या अनेक लहान दलांविषयी माहिती तुटपुंजी असल्याने कल्पित चिन्हे खपविणे सोपे जाते. अशी चिन्हे सचित्र पुस्तकांत शिरली, की पुढील पुस्तके त्यांचाच आधार घेतात. याने ग्राहकाची फसवणूक होतेच. शिवाय इतिहासाचा पुरावा दूषित होतो.

कायदा व संग्रहनीती : दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने ऑक्टोबर १९४५ मध्ये नाझी संघटना विसर्जित केल्या आणि नोव्हेंबरमध्ये लष्करी व निमलष्करी गणवेशचिन्हे वापरण्यास मनाई केली. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार घटनाविरोधी ठरलेल्या संघटनांची चिन्हे जाहीरपणे वापरणे वा पसरविणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. संशोधन, अध्यापन, कला व नागरिक-शिक्षण यांस त्यातून सूट आहे. लंडनचे इंपीरियल वॉर म्यूझीयम, बर्लिनचे जर्मन ऐतिहासिक संग्रहालय आदी संस्था अशा वस्तू त्यांच्या सामाजिक व राजकीय संदर्भासह जतन करतात.

कायद्याने दिलेली ही सूट संग्राहकाच्या भूमिकेचेही मर्म सांगते. चिन्हाची ओळख पटविणे म्हणजे त्याचा गौरव करणे नव्हे. परंतु ते धारण करणाऱ्याने काय केले, हे वगळून केलेली ओळख अपुरी असते. व्हायकिंग जहाजाच्या बिल्ल्याची नोंद राजकीय हत्यांच्या उल्लेखाविना आणि पांढऱ्या दंडपट्टीची नोंद छळछावण्यांच्या उल्लेखाविना पूर्ण होत नाही. प्रजासत्ताक एका दिवसात कोसळले नाही. ते टप्प्याटप्प्याने कसे खचत गेले, याचा माग या लहानशा वस्तूंवरून काढता येतो; त्यासाठी वस्तू अस्सल असावी लागते व तिचा संदर्भ शाबूत असावा लागतो.